छात्रसेवाकालात मोजायचे काय?

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी आंतरवासिता सुरू झाली, की छात्राध्यापक एकमेकांना भेटल्यावर पहिल्यांदा विचारतात ते ‘किती पाठ झाले?’ विचारण्यात गैर काही नाही; पाठ पुरे झाल्याशिवाय वहीवर सह्या होत नाहीत आणि सह्यांवाचून अंतर्गत गुण मिळत नाहीत. पण या हिशेबातून एक समजूत पक्की होत जाते: वर्गासमोर जितक्या वेळा उभे राहाल तितका अनुभव जास्त. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांच्या मनात वर्गानुभवाविषयी जे इतर गैरसमज असतात, ते बहुतेक याच समजुतीच्या पोटचे आहेत. अनुभव तासांच्या बेरजेने साठतो, असे त्या सगळ्यांनी धरून चाललेले असते. माझे म्हणणे वेगळे आहे. वर्गात घडलेले कुणीतरी नीट पाहिले, टिपून ठेवले, त्यावर जाणत्या माणसाशी बोलणे झाले आणि पुढच्या वेळी काही बदलून पाहिले, तरच त्या तासाचा अनुभव होतो. एरवी तो नुसता गेलेला तास.

नियमांची भाषाही, नीट वाचली तर, याच बाजूची आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या विनियमांमुळे २०१५-१६ पासून बी.एड. एका वर्षावरून दोन वर्षांचे झाले. या दोन वर्षांत मिळून किमान २० आठवडे शाळेत घालवायचे, पहिल्या वर्षी ४ आणि दुसऱ्या वर्षी १६. बाकीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के हजेरी पुरते, शाळेतल्या कामाला मात्र ९० टक्के लागते. हे आकडे सर्वांना पाठ असतात. त्याच विनियमांनी सुरुवातीचा एक आठवडा नेहमीच्या शिक्षकाचा नेहमीचा वर्ग नुसता पाहण्यासाठी राखला आहे, आणि छात्राध्यापकाचे पाठ सहाध्यायांनी, शाळेतल्या शिक्षकांनी आणि महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी पाहावेत अशी अपेक्षा ठेवली आहे. ते फारसे कुणाच्या लक्षात राहत नाही. त्याआधी २०१२ मध्ये न्या. जे. एस. वर्मा आयोगाने शिक्षक घडवणाऱ्या प्रत्येक संस्थेला प्रयोगशाळेसारखी वापरता येईल अशी एक शाळा जोडलेली असावी, असे सुचवले होते. सर्वोच्च न्यायालयाने हा आयोग नेमला तो महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातून, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत.

‘वर्ग काय असतो हे आम्हाला ठाऊक आहे, आम्ही काय कमी वर्षे शाळेत काढली?’ असे पुष्कळांना वाटते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी ‘स्कूलटीचर’ या १९७५ च्या पुस्तकात याच आत्मविश्वासावर बोट ठेवले. शालेय शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात काढतो, असा त्यांचा अंदाज होता. एवढा वेळ दुसऱ्या कुठल्याही व्यवसायाचे काम आपण इतक्या जवळून पाहत नाही. अडचण अशी, की हे पाहणे बाकावरून झालेले असते. बाईंनी फळ्यावर गणित घातले हे मुलाला दिसते. नेमके तेच गणित का निवडले, सोडवायला नेमक्या त्याच मुलीला का उठवले, टाचणातला कोणता भाग ऐनवेळी सोडून दिला, हे दिसत नाही. शिकवण्यातला निर्णयाचा भाग नजरेआड राहतो आणि आविर्भाव तेवढा लक्षात राहतो. म्हणून नवखा शिक्षक गोंधळला की पुस्तकातल्या पद्धतीपेक्षा आपल्या लहानपणच्या गुरुजींसारखा बोलू लागतो. खासगी शिकवण्या घेणाऱ्यांचा दावाही याच जातीचा आहे. शिकवणीत समजावून सांगण्याचा हात बसतो, हे मान्य. पण तिथे येणारी मुले घरच्यांनी पैसे भरून, परीक्षेसाठी पाठवलेली असतात. जे मूल येत नाही त्याची जबाबदारी शिकवणीवर नसते. शाळेत चार दिवस गैरहजर असलेले मूल हाही शिक्षकाच्याच कामाचा भाग असतो.

निरीक्षणाचे दिवस म्हणजे मागच्या बाकावर बसून टाचणांच्या वह्या पुऱ्या करायचे दिवस, हा गैरसमज सर्वांत महाग पडणारा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. काय पाहायचे हे कुणी सांगितलेले नसले, तर वर्ग पाहणे कंटाळवाणेच होते. पण घड्याळ घेऊन बसा. शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत किंवा तो दुसऱ्याकडे वळेपर्यंत किती सेकंद जातात? मेरी बड रो या संशोधिकेने अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत हेच मोजले आणि १९७० च्या दशकात मांडले. शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. जिथे ही वाट पाहणे तीन सेकंदांवर गेले, तिथे मुलांची उत्तरे लांबली, गप्प राहणाऱ्यांची संख्या घटली आणि मुले स्वतःहून बोलू लागली. असा तपशील शिकवता शिकवता शिकवणाऱ्याला कळत नाही. तो पाहणाऱ्यालाच दिसतो. तीच गोष्ट चुकांची. ५२ मधून ३८ वजा करून एखादा मुलगा २६ लिहितो. वहीवर फुली पडते आणि तास पुढे जातो. मागे बसलेल्या छात्राध्यापकाने त्याच मुलाची चार गणिते पाहिली तर ध्यानात येईल, की तो निष्काळजी नाही. प्रत्येक स्थानी लहान अंक मोठ्यातून वजा करायचा, असा स्वतःचा पक्का नियम तो पाळतो आहे. ‘नीट कर’ म्हणून हा नियम मोडत नाही. दशक सोडवून एकक करणे त्याला काड्यांच्या जुड्यांवर दाखवावे लागते. एका वर्गाच्या दहा वह्या अशा वाचून काढल्या तर वजाबाकीचे टाचण आपोआप बदलते. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या डोंगराळ भागातल्या शाळेत आणखी एक नोंद ठेवावी लागेल: कोरकू किंवा भिली बोलणारे मूल गप्प आहे ते उत्तर येत नाही म्हणून, की प्रश्नाचे मराठीच त्याच्यापर्यंत पोचलेले नाही म्हणून?

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. खरे आहे. पण वर्गातला शिकाऊ पोहणारा एकटा पाण्यात नसतो, चाळीस मुलांना बरोबर घेऊन उतरलेला असतो. शिवाय नुसते जास्त वेळ पाण्यात राहिल्याने हात चांगला पडतो, याला पुरावाही नाही. मॅथ्यू रॉनफेल्ट आणि मिशेल राइनिंगर यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरी जिल्ह्यातल्या छात्राध्यापकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरावाचा कालावधी लांबवल्याने ‘आपण तयार आहोत’ ही भावना फारशी वाढली नव्हती. सराव कसा झाला याचा परिणाम मात्र स्पष्ट होता. न्यूयॉर्क शहरातल्या शिक्षकांवर डोनाल्ड बॉइड, पॅम ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केलेली पाहणी आणखी थेट आहे. ज्या अभ्यासक्रमांत सरावपाठांवर नीट देखरेख होती आणि शेवटी वर्गातल्या कामावर आधारलेला प्रकल्प करावा लागत होता, तिथून आलेल्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांची पहिल्याच वर्षी प्रगती जास्त दिसली. हे पुरावे परदेशातले आहेत आणि तिथल्या शाळा आपल्यासारख्या नाहीत, ही हरकत रास्त आहे. त्यातले आकडे उचलून इथे लावता येणार नाहीत. पण ‘मार्गदर्शनाशिवायचा सराव सवय पक्की करतो, चांगली असो वा वाईट’ एवढे अनुमान काढायला देशाची सीमा आड येत नाही. आपल्याकडे टिंगलीचा विषय झालेले सूक्ष्म अध्यापन मुळात हेच ओळखून रचले होते. १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ते आकाराला आले. भारतात रूढ झालेल्या त्याच्या चक्रात ६ मिनिटे अध्यापन, ६ प्रत्याभरण, १२ पुनर्नियोजन, पुन्हा ६ अध्यापन आणि ६ प्रत्याभरण, अशी ३६ मिनिटे असतात. सहाध्यायांना विद्यार्थी मानून शिकवायचे म्हणून त्याला नाटक म्हणतात, आणि ते काहीसे नाटक आहेच. पण त्यातला जीव दुसऱ्यांदा शिकवण्यात आहे. ती पायरी गाळून पाच कौशल्यांचे पाच पाठ उरकले, तर उरते ते खरोखरच नाटक.

‘आधी वर्ग ताब्यात घ्या, मग शिकवा’ हा सल्ला शिक्षककक्षात नव्या माणसाला प्रेमाने दिला जातो. संशोधक जेकब कूनिन यांनी १९७० मध्ये मांडलेले निष्कर्ष त्याला धक्का देतात. मुलांनी दंगा केल्यावर शिक्षक काय करतात, किती जोरात रागावतात, याची तुलना करून शांत वर्ग आणि गोंधळाचे वर्ग यांतला फरक समजेना. फरक दंग्याच्या आधी होता. ज्यांचे वर्ग सुरळीत चालत त्यांना साऱ्या वर्गात काय चालले आहे याचे भान असे, एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना ते घोटाळत नसत, आणि एका मुलाशी बोलताना बाकीच्यांना रिकामे ठेवत नसत. म्हणजे शिस्त शिकवण्याच्या आखणीतच गुंफलेली होती. छात्राध्यापकाने अनुभवी शिक्षकाची नजर आणि तासाचे सांधे पाहावेत. त्याचा आवाज उचलून फारसे काही मिळत नाही.

एक समजूत जरा उदात्त दिसते: सगळ्यांत अवघड शाळेत टाकले तरच माणूस तावून सुलाखून निघतो. रॉनफेल्ट यांच्या २०१२ च्याच दुसऱ्या एका अभ्यासात न्यूयॉर्कचे चित्र उलट निघाले. शिक्षक सहसा सोडून जात नाहीत अशा शाळांत ज्यांनी सराव केला, ते पुढे अवघड शाळांत गेल्यावरही जास्त टिकले आणि त्यांची मुलेही जास्त शिकली. कारण समजण्यासारखे आहे. चालणारी गोष्ट कशी चालते हे आधी पाहायला मिळाले, तर ती मोडलेल्या जागी उभी करता येते. यावर महाराष्ट्रातून मोठा आक्षेप येऊ शकतो आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीची पटसंख्या ६० पर्यंत असेल तर दोन शिक्षक मिळतात. दोन शिक्षक आणि पाच इयत्ता, म्हणजे बहुवर्ग अध्यापन कायद्यानेच धरून चाललेले आहे. आपले टाचण मात्र एक इयत्ता, एक विषय, एक तास असे ठरीव असते. शहरातल्या सुस्थित शाळेत सोळा आठवडे काढलेली मुलगी वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेत रुजू झाली, तर तिचा अनुभव तिथे तोकडा पडेलच. पण यावर उपाय म्हणून कुठलीही विस्कटलेली शाळा चालणार नाही. बहुवर्ग जिथे बऱ्यापैकी चालतो अशी जिल्हा परिषदेची शाळा शोधावी, आणि दुसरीची मुले स्वतः काम करत असताना चौथीला शिकवायचे कसे, हे तिथे पाहावे. टाचण म्हणजे कागदी कारभार, ही तक्रारही इथेच विरते. दोन इयत्तांची दोन कामे शेजारी शेजारी मांडून लिहिलेले टाचण कुणालाही मागून मिळत नाही. ते लिहिताना विचारच करावा लागतो.

सगळ्यांत व्यवहारी आक्षेप नोकरीचा. महाराष्ट्रात २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आहे, १५० गुणांची. पुढे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी आणि शिक्षकभरतीचे पवित्र पोर्टल आले. या दोन्ही परीक्षांपैकी एकही उमेदवाराला प्रत्यक्ष मुलांसमोर उभे करून पाहत नाही, मग वर्गानुभवावर इतका जीव का टाकायचा? निवडीपुरते बोलायचे तर हा हिशेब बिनचूक आहे. पण शिक्षणसेवक म्हणून रुजू झाल्या दिवसापासून वर्ग पूर्णपणे त्याच्या एकट्याच्या हाती येतो, आणि २०२३ पासून प्राथमिकला १६,००० रुपये मानधनावर काढायच्या त्या तीन वर्षांत पाठनिरीक्षक मागच्या बाकावर बसलेला नसतो. चुकलेल्या पाठावर दुसऱ्याने शांतपणे बोलावे, ही सोय नोकरीच्या आधीच्या वीस आठवड्यांतच असते.

शाळांचीही बाजू आहे. छात्राध्यापक आले की अभ्यासक्रम मागे पडतो, पालक कुरकुरतात, असे मुख्याध्यापक सांगतात. आणि रजेवरच्या शिक्षकाचे तास भरून काढायला हेच छात्राध्यापक बरे पडतात, हे सांगत नाहीत. अभ्यासक्रम मागे पडतो तो शिकाऊ माणसाला वर्ग सोपवून मूळ शिक्षक बाहेर गेला म्हणून. तो वर्गातच थांबला आणि छात्राध्यापकाने मागे राहिलेल्या सहा-सात मुलांचा गट घेतला, तर मुलांचा तोटा होण्याचे कारण नाही. पण त्यासाठी मार्गदर्शक शिक्षकाला वेळ हवा. पाठ पाहणे, नंतर त्यावर बोलणे, टाचण वाचणे हे काम तो आपल्या भरलेल्या वेळापत्रकातून जमेल तसे करतो. त्यासाठी त्याचे तास कमी करण्याची तजवीज होईपर्यंत वीस आठवड्यांतले पुष्कळसे मार्गदर्शन त्याच्या सौजन्यावरच चालणार. छात्राध्यापकाने त्याच्या तपासायच्या वह्यांचा एक गठ्ठा मागून घ्यावा. वाचताना ५२ वजा ३८ सारख्या चुका दिसतीलच, शिक्षकाची अर्ध्या तासाची मोकळीकही होईल, आणि त्या अर्ध्या तासात आपल्या पाठाविषयी एखादा नेमका प्रश्न त्याला विचारता येईल.