हेलिकॉप्टर सिम्युलेटर : जॉयस्टिक किती संवेदनशील असावी?

बंगळुरू : हेलिकॉप्टर शिकताना वेगाने जाण्यापेक्षा हवेत एका जागी स्थिर राहणे अधिक कठीण असते. घरच्या संगणकावर सिम्युलेटर चालवणाऱ्या नवशिक्याचे हेलिकॉप्टर याच टप्प्यावर डोलू लागते आणि कोसळते. अशा वेळी जॉयस्टिकची संवेदनशीलता कमी करण्याचा सल्ला दिला जातो. तो उपयुक्त आहे. मात्र त्याला मर्यादाही आहेत.

बंगळुरूमध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून ‘हॅट्सऑफ’ ही प्रशिक्षण संस्था उभी राहिली. तेथे २०१० मध्ये बेल-४१२ हेलिकॉप्टरचा सिम्युलेटर सुरू झाला. इंजिन बंद पडण्यासारखे प्रसंग आकाशात वारंवार घडवणे धोक्याचे असल्याने वैमानिक त्यांचा सराव अशा यंत्रांवर करतात. तेथे दांड्याचा प्रतिसाद खऱ्याहून वेगळा असल्यास हाताला चुकीची सवय जडते आणि ती प्रत्यक्ष उड्डाणातही कायम राहते. म्हणूनच व्यावसायिक सिम्युलेटरमध्ये दांड्याचा ताण व प्रतिसाद प्रत्यक्ष उड्डाणातील नोंदींशी ताडून पाहिला जातो.

तोल का जातो?

सायक्लिक दांडा हलवल्यावर हेलिकॉप्टर आधी कलते, मग त्याला वेग येतो आणि त्यानंतर त्याची जागा बदलते. परिणाम उशिरा दिसत असल्याने नवशिका दांडा गरजेपेक्षा जास्त ढकलतो आणि मग उलट दिशेने तितकाच ओढतो. घरगुती जॉयस्टिकची लांबी या दोषात भर घालते. समजा, खऱ्या दांड्याची मूठ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३० सेंटिमीटर फिरते आणि टेबलावरील जॉयस्टिकची १० सेंटिमीटर. अशा वेळी हाताची प्रत्येक चूक तिपटीने मोठी होते.

प्रतिसाद-वक्र म्हणजे काय?

सिम्युलेटरमधील वक्राची सोय मध्याजवळचा प्रतिसाद सौम्य करते. एका प्रचलित पद्धतीत अर्धा प्रतिसाद सरळ प्रमाणात आणि अर्धा घनाच्या प्रमाणात धरला जातो. अशा वक्रात जॉयस्टिक २० टक्के हलवल्यास हेलिकॉप्टरपर्यंत सुमारे १० टक्के आज्ञा पोहोचते आणि ५० टक्के हलवल्यास सुमारे ३१ टक्के. पूर्ण हलवल्यावर मात्र ती १०० टक्केच असते. म्हणजे मध्याजवळ निम्मी झालेली संवेदनशीलता टोकाशी दुप्पट होते.

शिवाय स्थिर तरंगताना किंवा पुढे जाताना हेलिकॉप्टरचा दांडा नेमका मध्यावर नसतो. त्यामुळे फार तीव्र वक्र ठेवल्यास हात त्याच्या सौम्य भागाबाहेर जातो. दांड्याची नवी जागा हाच मध्य मानणारी ‘ट्रिम’ची सोय येथे उपयोगी पडते.

जुळणी करताना आधी जॉयस्टिकचे कॅलिब्रेशन करावे. मध्याचा निष्क्रिय पट्टा हात सोडल्यावर होणारी थरथर थांबेल एवढाच ठेवावा. पेडलसाठी सौम्य वक्र चालतो. कलेक्टिव्ह मात्र सरळ प्रमाणात ठेवणे योग्य. एका वेळी एकच बदल करून त्याच ठिकाणी तरंगण्याचा सराव करावा.

प्रत्येक हेलिकॉप्टरसाठी ही जुळणी निराळी असते. बंगळुरूत २० ऑगस्ट १९९२ रोजी प्रथम उडालेल्या ‘ध्रुव’च्या मुख्य पंख्याची पाती बिजागरीविना जोडलेली असल्याने ते दांड्याला चटकन प्रतिसाद देते. वक्र वाढवून ही चपळता दडपल्यास सराव सोपा होईल, पण तो ‘ध्रुव’चा राहणार नाही.