मॉडेल रॉकेट: वर पाठवणं सोपं, खाली आणणं अवघड

ज्यांचं नेटवर्क लोकलमध्ये गायब होतं, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना झालेलं 'अं... म्हणजे...' तेवढं गाळलंय.

मागच्या वेळी मी सहज बोलून गेलो की कंपनीच्या कामासाठी कोलोरॅडोत होतो तेव्हा शनिवारी रॉकेट उडवायचो. त्यावर बरेच मेसेज आले आणि त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा होता: "दादा, साखर आणि शोरा घेऊन घरी इंजिन बनवलं तर चालेल का?" नाही चालणार. का, ते सांगतोच. पण आधी हे रॉकेट असतं कसं ते बघू.

दिवाळीचं रॉकेट आठवा. बाटलीत उभं करतो, वात पेटवतो, पळतो. त्याला ती लांब काडी कशासाठी असते? वजन सगळं वर, दारूच्या नळीत. काडी हलकी, पण लांब. रॉकेट जरा वाकडं झालं की वारा त्या काडीला मागे ढकलतो आणि तोंड पुन्हा सरळ होतं. मॉडेल रॉकेटमध्ये काडीचं काम शेपटीचे पंख करतात. बाकी शरीर म्हणजे कागदाची नळी, बाल्सा लाकडाचे पंख, प्लास्टिकची टोकदार टोपी आणि आत घडी घातलेलं पॅराशूट. इंजिनासकट माझं पहिलं रॉकेट १०० ग्रॅमच्या आत होतं.

इंजिन मात्र विकतच घ्यायचं. बोटभर लांबीची कागदी नळी, खाली चिकणमातीचं नोझल, आत दाबून भरलेली काळी दारू. वर लिहिलेलं असतं सी६-५. सी म्हणजे एकूण ताकदीचा वर्ग, ५ ते १० न्यूटन-सेकंद. ए, बी, सी असं एकेक अक्षर पुढे गेलं की वरची मर्यादा दुप्पट होते. ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन जोर. आणि ५ म्हणजे जळून झाल्यावर ५ सेकंद थांब.

हे ५ सेकंद म्हणजे या छंदाचा जीव आहे. दारू दोनेक सेकंदांत संपते, पण रॉकेट तेव्हा जोरात वर चाललेलं असतं. त्याच वेळी पॅराशूट उघडलं तर चिंध्या होतील. म्हणून मध्ये एक हळू जळणारा थर असतो. तो फक्त धूर काढतो आणि वेळ मोजतो. रॉकेट सर्वांत वर पोहोचून जवळजवळ थांबतं, तेव्हा शेवटची छोटी दारू पुढच्या दिशेला उडते, नळीत दाब वाढतो, टोपी निघते, पॅराशूट बाहेर. आमच्या भाषेत सांगायचं तर टायमर लावलेला कॉलबॅक. फरक एवढाच की रिट्राय नाही.

आता तो साखर-शोऱ्याचा प्रश्न. १९५७ साली स्पुटनिक गेलं आणि अमेरिकेतली पोरं घराघरांत लोखंडी पाइपात काहीबाही ठासून रॉकेट बनवायला लागली. बोटं गेली, डोळे गेले, जीवही गेले. जी. हॅरी स्टाइन हा व्हाइट सँड्सच्या चाचणी केंद्रावर काम केलेला इंजिनिअर. त्याने त्याच वर्षी रॉकेटच्या सुरक्षिततेवर एका मासिकात लेख लिहिला. तो वाचून नेब्रास्कातल्या नॉरफोकच्या ऑरव्हिल कार्लाइलने त्याला पत्र पाठवलं. हा माणूस बुटांचा दुकानदार! फटाक्यांचा नाद होता, भावाला मॉडेल विमानांचा. त्याने १९५४ मध्येच कागदी नळीचं, बदलता येणाऱ्या इंजिनाचं, पॅराशूटने उतरणारं रॉकेट करून ठेवलं होतं. दोघे एकत्र आले. पुढे इंजिनं पुरेनात, तेव्हा डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेसने ती आपोआप भरणारं यंत्र बनवलं, त्याचं नाव मेबल. १९६१ मध्ये तो कारखाना पेनरोझला गेला. म्हणजे हा छंद सुरूच झाला तो 'इंजिन घरी बनवायचं नाही' या एका अटीवर. घरच्या मिश्रणात एक बारीकशी चीर राहिली तरी जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो आणि नळीचा बॉम्ब होतो. चीर बाहेरून दिसत नाही. शिवाय आपल्याकडे परवान्याशिवाय असं काही बनवणं १८८४ च्या स्फोटकं कायद्यात बसतं. त्याचे परवाने बघणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

हां, तर माझी बांधणी. पहिलं रॉकेट मी आमच्या क्षेत्रातल्या सवयीप्रमाणे केलं. चाललं ना, मग पुश कर. पंख झटपट डिंकाने चिकटवले, रंग दिला नाही, आणि छोट्याशा मैदानात थेट सी इंजिन लावलं. ते इतकं वर गेलं की पॅराशूट उघडलेलं फक्त एक ठिपका म्हणून दिसलं. वाऱ्यावर तरंगत पलीकडच्या वस्तीत गेलं ते गेलंच. उतारा सोपा आहे: पहिल्यांदा ए किंवा बी लावा, आणि पॅराशूटच्या मधोमध भोक पाडा, म्हणजे जरा लवकर खाली येतं.

दुसऱ्या रॉकेटला तीन आठवडे दिले. पंखांची जागा ठरवायला कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून तिचे तीन सारखे भाग करायचे. सरळ रेघ मारायला नळी दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यात ठेवायची. बाल्साच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात, नाहीतर जमिनीवर आपटताच पंख मोडतो. सुताराचा पिवळा गोंद लावायचा. एकदा लावून जरा सुकू द्यायचा, मग दुसरा हात देऊन चिकटवायचं. तो कागद-लाकडाच्या धाग्यांत मुरतो. नंतर लाकूड तुटेल पण सांधा नाही. पुढची कड गोल, मागची निमुळती. मग लाकडाची छिद्रं पातळ पुट्टीने भरायची, २२० चा पॉलिश पेपर, पुन्हा पुट्टी, मग ४०० चा. हे कंटाळवाणं आहे. पण खरखरीत पंख हवेला अडवतो आणि उंची खातो. आणि खरं सांगू? रात्री अकरा वाजता बग बंद होत नसला की पॉलिश पेपर घासण्याइतकं शांत काही नाही.

रंग पातळ थरांत, थर सुकू देत. भडक केशरी घ्या, पांढरं रॉकेट ढगात हरवतं.

आणि इथेच मी चुकलो. रंग मारताना टोपीचा आत जाणारा भाग झाकायला विसरलो. त्यावर तीन थर बसले. टोपी नळीत बसवताना जोर लावावा लागला, तर मला वाटलं, वा, काय फिटिंग आहे! दुसरीकडे, या रॉकेटला इंजिन धरायला आकडा नव्हता. इंजिनावर टेप गुंडाळून घट्ट बसवायचं होतं. मी एकच वेढा दिला.

क्लबच्या मैदानात गर्दी होती, ओल्या गवतावर लोक घड्या घालायच्या खुर्च्या टाकून बसलेले. पाचपासून उलटी गिनती, बटण, सूं करून वर. अगदी सरळ. मी फोनवर व्हिडिओ काढत होतो. वर बारीक 'फट्' झालं. आणि पॅराशूट आलं नाही.

आतला दाब दोन्ही बाजूंना सारखाच ढकलतो, जी बाजू सैल ती जाते. माझी टोपी जाम आणि इंजिन सैल. इंजिन मागून बाहेर पडलं आणि रॉकेट टोक खाली करून बाणासारखं आलं. मैदान सांभाळणारे एक आजोबा कर्ण्यावर 'वर बघा' म्हणून ओरडले. सगळ्यांनी माना वर केल्या, एका बाईने खुर्चीतल्या मुलाला हाताला धरून ओढलं. त्या खुर्चीपासून दहा पावलांवर रॉकेट टोपीपर्यंत मातीत घुसलं. १०० ग्रॅमचा कागद, पण टोक प्लास्टिकचं आणि वेग कितीतरी. मी धावत गेलो, सॉरी म्हणालो, पोरगं हसत होतं. आई हसत नव्हती.

आजोबा रागावले नाहीत. टोपी काढायला बघितली, निघेना. त्यांनी स्वतःचं रॉकेट टोपीला धरून उचलून दाखवलं. नळी लटकली, पडली नाही. मग हलकासा झटका दिला, टोपी सुटली. एवढीच घट्ट हवी. आणि इंजिन नेहमी टोपीपेक्षा घट्ट. तेव्हापासून मी आधी दोन चाचण्या करतो. एक ही. दुसरी दोरीची: इंजिन, पॅराशूट सगळं भरून रॉकेट जिथे तोलतं तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती फिरवायचं. टोक पुढे राहिलं तर ठीक. वाकडंतिकडं फिरलं तर टोपीत थोडी माती भरून वजन पुढे आणायचं.

बाकी नियम पटकन: पेटवताना १५ फूट लांब. बटण दाबून काही झालं नाही तर किल्ली काढून ६० सेकंद थांबायचं, मगच जवळ जायचं. बहुतेक वेळा तार दारूला टेकलेली नसते. पॅराशूटखाली न जळणारा कागद, आणि थंडीत प्लास्टिक चिकटू नये म्हणून घडीत थोडी टाल्कम पावडर.

पुण्यात परत आल्यावर मी पाण्याची रॉकेटं करतो. कोल्ड्रिंकचीच बाटली घ्या, साध्या पाण्याची नको, कारण सोड्याची बाटली दाब सोसायला केलेली असते. एक तृतीयांश पाणी, दाब दाखवणारा सायकलचा पंप, ६० पीएसआयच्या वर जायची गरज नाही. लांबून दोरी ओढून सोडायचं, टोक मऊ ठेवायचं, धातू कुठेही नको. पंख, तोल, पॅराशूट, सगळे प्रश्न तेच, फक्त भिजायला होतं. मोकळं मैदान बघा, आणि शेजारच्या काकूंचे कपडे वाळत असतील तर दुसरा दिवस बघा.

कुणी केलं तर टोपी कशी बसवली ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू.