कोल्हापूर : कोणता ठेवा कोणाकडे?

पन्हाळा : केंद्र संरक्षित, देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी एक. अंबरखान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही धान्यकोठारे आवर्जून पाहावीत.

कोपेश्वर, खिद्रापूर : हेही केंद्राकडे. स्वर्गमंडपाला ४८ खांब. छत मधोमध गोल उघडे, बरोबर खाली तशीच गोल रंगशिळा.

टाउन हॉल वस्तुसंग्रहालय : राज्याकडे. ब्रह्मपुरी उत्खननातील वस्तू.

राधानगरी अभयारण्य : वन विभागाकडे. गव्यांसाठी प्रसिद्ध, क्षेत्र सुमारे ३५१ चौ. किमी. पश्चिम घाटाबरोबर २०१२ पासून जागतिक वारसा.

रंकाळा : महापालिकेकडे.

नियम : केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम बंद, पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.