जुन्या जीपला मोठे टायर बसवताना

कापडाच्या व्यापाऱ्याने टायरवर लिहायला घेतले हे पाहून काही वाचक हसतील. हसू द्या. मालेगावच्या साड्या-लुंग्यांचे गठ्ठे सातपुड्यातल्या बाजारांत पोचवायला आमच्याकडे बरीच वर्षे एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप होती. त्या जीपने आम्हांला जो धडा दिला त्याची फी आम्ही रोखीने भरली आहे. आपल्या वाचकांत जीपवर माल नेणारे व्यापारी आहेत, तसे टायरवाले, वेल्डर आणि मिस्तरीही पुष्कळ आहेत. दोघांच्याही उपयोगाची ही गोष्ट आहे.

ही जीप महिंद्राची. जाता जाता सांगतो, 1945 साली ही कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले, आणि 1948 साली कंपनीचे नाव बदलले. असो.

जीपला मूळचे टायर 6.00-16 मापाचे. नदीनाल्यांच्या वाटेवर दगड मागच्या डिफरन्शियलला घासत असत, म्हणून गाडी उंच करावी असे आमच्या मनात आले. 2006 साली होळीच्या आधी भंगार बाजारात 7.50-16 चे दोन टायर स्वस्तात मिळाले. जुन्या रिमा अरुंद होत्या, म्हणून दोन रुंद रिमाही तिथूनच घेतल्या. एक एका गाडीची, दुसरी दुसऱ्या. दोन्हींना भोके पाचच आणि भोकांचा घेरही जीपचाच, म्हणजे साडेपाच इंच. नट बसले, चाक फिरले, आम्ही खूश. पुढे जुनी चाके, मागे मोठी. चार टायरांऐवजी दोघांत काम भागले असा आमचा हिशोब होता.

होळीपूर्वीचा भोंगऱ्या बाजार म्हणजे आमच्या धंद्याचा मोसम. माल मागवाल्यांकडून उधारीवर उचललेला. तळोद्याकडून चांदसैली घाटाने धडगावला निघालो. वाटेत एका नाल्याच्या वाळूत ड्रायव्हरने फोर व्हीलचा दांडा टाकला आणि पुढे घाटाची चढण बघून तो तसाच राहू दिला. डांबरी रस्त्यावर गाडी अडखळू लागली, कुणी मागून दोरी ओढत असल्यासारखी. ड्रायव्हर म्हणाला, "सेठ, माल जास्त झाला." आम्हीही मान डोलावली. दांडा काढू गेला तर तो निघेना. थोड्याच वेळात मोठा आवाज झाला आणि पुढच्या शाफ्टचा क्रॉस तुटला. रात्र घाटात काढली, बाजार गेला, माल परत आला. मागवाल्यांची देणी फेडायला पुढचे कित्येक महिने लागले.

धुळ्याच्या उस्तादांनी गाडी पाहिली आणि आमच्याच खिशातली मापाची पट्टी मागितली. पुढच्या टायरचा घेर भरला सुमारे 228 सेंटिमीटर, मागच्याचा 252. उस्ताद म्हणाले, "तुम्ही एका ताग्यामागे चार बोटे कमी भरली तर गिऱ्हाईक भांडते. इथे एका फेऱ्यात 24 सेंटिमीटरचा फरक आहे आणि तुम्हांला कळला नाही?"

ही बाब नीट समजून घ्यावी. अशा जुन्या जीपमध्ये फोर व्हील लावले की पुढचा आणि मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसमध्ये एकमेकांना बांधले जातात. मधे डिफरन्शियल नसते, म्हणून दोघांना सारखेच फिरावे लागते. पण एक किलोमीटर जायला लहान चाकाला सुमारे 438 फेरे लागतात आणि मोठ्याला 397. ही चाळीस फेऱ्यांची तूट जाणार कुठे? वाळूत, चिखलात चाक घसरते आणि ताण सुटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग ताण गिअरवर, शाफ्टवर, क्रॉसवर जातो. दांडा अडकला तो याच ताणाने. असा दांडा अडकला तर जबरदस्तीने ओढू नये. थोडी गाडी मागे घ्यावी. तरी सुटला नाही तर बाकीच्या चाकांना दगड लावून एक चाक जॅकवर उचलावे म्हणजे ताण निघतो. मात्र उचललेले चाक झटक्याने फिरते, हात लांब ठेवावा. चारही चाके एका मापाची असली तरी कोरड्या पक्क्या रस्त्यावर दांडा काढूनच चालवावे.

टायर एकाच मापाचे पण दोन नवे, दोन झिजलेले असतील तरी हीच कटकट थोड्या प्रमाणात होते. म्हणून घेर पट्टीने मोजूनच टायर लावावेत. स्टेपनीही त्याच मापाची हवी.

उस्तादांनी मग मागची चाके काढून दाखवली. एका रिमेच्या भोकांचा उतार आमच्या नटांना जुळत नव्हता, तीन नट ढिले झाले होते. क्रॉस तुटला नसता तर उतरणीवर काय झाले असते, हा विचार आजही आम्हांला नको वाटतो. दोन्ही रिमांचा आत-बाहेरचा बसावही वेगळा होता, एक चाक दुसऱ्यापेक्षा बाहेर आलेले. त्याने बेअरिंगवर नको तो भार येतो. भोके जुळली म्हणजे रिम जुळली, असे कारागीर बांधवांनी समजू नये. जुन्या विलीज जातीच्या जीपांत डाव्या बाजूच्या स्टडला उलटे आटे असतात, हे माहीत नसल्याने पोरे जोर लावून स्टड मोडतात, तेही लक्षात ठेवावे.

आणि एवढे करून उंची किती मिळाली? टायरचा व्यास सुमारे तीन इंचांनी वाढला, पण डिफरन्शियल वर गेले ते निम्मेच, दीड इंच. त्या दीड इंचासाठी चढणीत गाडीची ओढ कमी झाली, क्लच जळू लागला, ड्रम ब्रेकला जास्त जोर लागू लागला. काटा 40 दाखवी तेव्हा गाडी 44 ने धावत असे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे मूळ बनावटीत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक फेरफारासाठी 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गिऱ्हाईक हट्ट धरते तेव्हा टायरवाल्याने हे त्याला सांगावे. एक काम गेले तरी चालेल.

आम्ही शेवटी 6.00-16 चेच चार नवे टायर घेतले, खोल खाचांच्या नक्षीचे, आणि चारही रिमा मूळच्या. खेपेला दोन गठ्ठे कमी भरू लागलो. दगड पूर्वीसारखेच घासत, तेव्हा तिथे ड्रायव्हर उतरून वाट बघून घेई. त्यानंतर आमचा एकही भोंगऱ्या चुकला नाही. मोठ्या टायरांची ती जोडी भंगारवाल्याने अर्ध्या किमतीलाही परत घेतली नाही.