बटण बंद, तरी दिवा मिणमिणतो

दापोली तालुक्यातल्या मुरुडसारख्या किनाऱ्यावरच्या गावात बटण बंद करूनही एलईडी मिणमिणू लागला, की बल्बलाच दोष दिला जातो. माझ्या मते आधी वायरिंग तपासावं. 60 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बला जवळजवळ पाव अँपियर प्रवाह लागे. एलईडीला मंद उजळायला मिलिअँपियरचा अंशही पुरतो. तो कधी बटणातल्या लाल इंडिकेटरमधून येतो, कधी लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या वायरींमधून झिरपतो. हे दोन्ही प्रकार सहसा निरुपद्रवी. पण बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलं असेल, तर बटण बंद असतानाही होल्डरमध्ये 230 व्होल्ट असतात आणि बल्ब बदलणाऱ्याला शॉक बसू शकतो. शिवाय खारी हवा जोड गंजवते, पावसाळ्यात भिंतीतल्या ओलीतून वीज गळते. मिणमिण फक्त पावसाळ्यातच दिसत असेल, तर पहिला संशय या ओलीवर घ्यावा.

कुणी म्हणेल, बल्ब बदलला की थांबतं ना! थांबतं खरं, कारण काही बल्बांची रचनाच असा किरकोळ प्रवाह पचवते. पण चुकलेलं बटण तसंच राहतं. बिलाची चिंता मात्र सोडावी, ही वीज नगण्य असते. वायरिंग तपासताना साध्या टेस्टरवर विसंबू नये, तो झिरपलेल्या विजेनेही पेटतो. मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडून बटण फेजवर घ्यावं आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. इंडिकेटरचाच दोष निघाला, तर साधं बटण लावलं की काम भागतं.