कार्यालयीन ईमेल आणि वैयक्तिक स्मार्टफोनची सुरक्षा

कर्मचाऱ्याने स्वतःच्या वापरासाठी विकत घेतलेल्या स्मार्टफोनवर कार्यालयीन ईमेल वापरल्यामुळे संस्थेच्या माहितीला निर्माण होणारे धोके आणि ते कमी करण्याचे उपाय हा माहिती सुरक्षेतील एक महत्त्वाचा विषय आहे. कामासाठी स्वतःचे उपकरण वापरण्याच्या या पद्धतीला 'ब्रिंग युअर ओन डिव्हाइस' किंवा संक्षेपाने 'बीवायओडी' असे म्हणतात. यातील मूळ पेच मालकीचा आहे. फोन कर्मचाऱ्याचा असतो, परंतु त्यात साठलेला पत्रव्यवहार संस्थेचा असतो.

पार्श्वभूमी

२००० च्या दशकात फिरतीवरील अधिकाऱ्यांसाठी ईमेलचे प्रमुख साधन ब्लॅकबेरी हे होते. कॅनडातील वॉटर्लू येथील रिसर्च इन मोशन ही कंपनी ते तयार करीत असे. या व्यवस्थेत संस्थेच्या आवारात एक स्वतंत्र सर्व्हर बसविला जाई. सर्व्हर आणि फोन यांच्यातील संदेश कूटबद्ध असत. परवलीचा शब्द सक्तीचा करणे किंवा हरवलेल्या फोनमधील माहिती दुरून पुसणे हे अधिकार संस्थेच्या तंत्रज्ञांकडे असत. फोनही बहुधा संस्थेनेच दिलेला असल्यामुळे या नियंत्रणाबद्दल फारसा वाद होत नसे.

२९ जून २००७ रोजी अमेरिकेत आयफोनची विक्री सुरू झाली. हा फोन घरगुती ग्राहकांसाठी बनविलेला होता. संस्थांमध्ये प्रचलित असलेल्या मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज सर्व्हरशी जोडणारी ॲक्टिव्हसिंक ही पद्धत त्यात नव्हती, तसेच दुरून माहिती पुसण्याची सोयही नव्हती. जुलै २००८ मध्ये आलेल्या संचालन प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत या दोन्ही सोयी देण्यात आल्या. २०१० मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत संस्थांना अनेक फोनांचे एकत्रित व्यवस्थापन करता येऊ लागले. त्याच वर्षी अँड्रॉइडच्या २.२ या आवृत्तीतही परवलीच्या शब्दाची सक्ती आणि दुरून पुसणी यांची तरतूद झाली.

प्रमुख धोके

फोन हरवणे किंवा चोरीला जाणे: ईमेलचे ॲप संदेशांच्या आणि जोडपत्रांच्या प्रती फोनमध्ये साठवते. त्यामुळे कुलूप नसलेला फोन हाती लागणाऱ्या व्यक्तीस पत्रव्यवहार वाचता येतो. शिवाय अनेक सेवांचे परवलीचे शब्द ईमेलद्वारेच बदलता येत असल्याने इतर खातीही धोक्यात येतात.

कालबाह्य संचालन प्रणाली: सुरक्षेतील त्रुटी उघड झाल्यावर निर्माते दुरुस्ती प्रसिद्ध करतात, परंतु जुन्या किंवा स्वस्त फोनांपर्यंत ती उशिरा पोहोचते अथवा पोहोचतच नाही. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये 'स्टेजफ्राइट' नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्रुटी उघड झाल्या. विशिष्ट प्रकारे तयार केलेल्या मल्टिमीडिया संदेशाद्वारे त्यांचा गैरफायदा घेणे शक्य होते. त्यानंतर गूगलने दरमहा सुरक्षा दुरुस्त्या देण्यास सुरुवात केली.

फसवे संदेश: लहान पडद्यावर प्रेषकाचा पूर्ण पत्ता आणि दुव्याचे खरे ठिकाण सहज दिसत नाही. त्यामुळे बनावट ईमेल ओळखणे संगणकाच्या तुलनेत कठीण जाते.

माहितीची सरमिसळ: कार्यालयीन जोडपत्र खासगी संदेश-ॲपवर पाठविले किंवा वैयक्तिक क्लाउड खात्यात साठविले गेले, तर त्यावर संस्थेचे नियंत्रण राहत नाही.

फोनने स्वतःविषयी दिलेल्या माहितीवरील विश्वास

ॲक्टिव्हसिंक पद्धतीत सर्व्हर आपले नियम फोनला कळवतो आणि ते पाळले जात असल्याचे फोन सर्व्हरला सांगतो. सर्व्हर हे उत्तर स्वतंत्रपणे तपासत नाही. या मर्यादेचे उदाहरण २००९ मध्ये दिसून आले. हार्डवेअरवर आधारित कूटबद्धीकरण त्या वर्षीच्या आयफोन ३जीएसमध्ये प्रथम आले. त्यापूर्वीच्या आयफोनमध्ये ते नसतानाही एक्स्चेंज सर्व्हरची कूटबद्धीकरणाची अट पूर्ण होत असल्याचे कळविले जात असे. सप्टेंबर २००९ मधील ३.१ या आवृत्तीत ही चूक सुधारण्यात आली. परिणामी, अशी अट घालणाऱ्या संस्थांच्या सर्व्हरशी जुने आयफोन जोडले जाईनासे झाले. तोपर्यंत ज्या संरक्षणाचा या संस्थांना भरवसा होता, ते त्या फोनांमध्ये नव्हतेच.

उपाययोजना आणि मर्यादा

परवलीचा शब्द, कूटबद्धीकरण, द्विस्तरीय पडताळणी आणि वेळेवर अद्ययावतीकरण हे प्राथमिक उपाय होत. मोठ्या संस्था 'मोबाइल डिव्हाइस मॅनेजमेंट' प्रकारच्या आज्ञावली वापरतात. मात्र दुरून पुसण्याची आज्ञा फोन नेटवर्कशी जोडलेला असेल तरच पोहोचते. सिमकार्ड काढून वाय-फाय बंद केलेल्या फोनवर तिचा उपयोग होत नाही.

व्यवस्थापनाची आज्ञावली विकत घेणे पुरेसे नसते, ती प्रत्येक फोनवर बसवावी लागते. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे झालेल्या गोळीबारातील एका हल्लेखोराला त्याच्या काउंटी प्रशासनाने कामासाठी आयफोन दिलेला होता. अशा आज्ञावलीची सेवा काउंटीने घेतली होती, परंतु ती या फोनवर बसविलेली नव्हती. ती असती तर मालक या नात्याने काउंटीला फोनचे कुलूप काढता आले असते. ते शक्य नसल्याने एफबीआय आणि ॲपल यांच्यात २०१६ मध्ये न्यायालयीन वाद उद्भवला.

कर्मचाऱ्यांचा खासगीपणा

संपूर्ण फोन पुसण्याचा अधिकार संस्थेस दिल्यास कर्मचाऱ्याची कौटुंबिक छायाचित्रे, संपर्क आणि खासगी संदेशही नष्ट होऊ शकतात. नोकरी सोडतानाही हा प्रश्न उद्भवतो. यावर तोडगा म्हणून कार्यालयीन माहितीचा वेगळा कप्पा करण्याची पद्धत रूढ झाली. अँड्रॉइडमध्ये २०१५ पासून कामासाठी स्वतंत्र 'वर्क प्रोफाइल' उपलब्ध आहे. संस्था केवळ हा कप्पा पुसू शकते आणि त्याबाहेरील माहिती अबाधित राहते. कोणते अधिकार संस्थेकडे राहतील, याची लेखी कल्पना कर्मचाऱ्यास ईमेल जोडण्यापूर्वीच देणे योग्य मानले जाते.

भारतातील स्थिती

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३अ समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार संवेदनशील वैयक्तिक माहितीच्या रक्षणात निष्काळजीपणा करून नुकसान घडविणाऱ्या संस्थेवर भरपाईची जबाबदारी येते. २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात वाजवी सुरक्षा उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केंद्र सरकारच्या २०१५ च्या ईमेल धोरणानुसार शासकीय कामासाठी खासगी ईमेल सेवांऐवजी शासनाची सेवा वापरणे अपेक्षित होते.