सायकल, घडीची
जिचा सांगाडा बिजागरीवर दुमडून आकार लहान करता येतो व जी हाताने उचलून आगगाडीत किंवा जिन्यावरून नेता येते, अशी सायकल. तिचा उपयोग वाहन म्हणून होतो, तसेच ती सामानाप्रमाणे वाहावीही लागते. त्यामुळे गिअर, हलकेपणा व किंमत यांचा मेळ घालणे हा तिच्या अभिकल्पातील मुख्य प्रश्न होय.

घडी लहान व्हावी म्हणून चाके लहान ठेवतात. अँड्रू रिची यांनी १९७५ पासून लंडनमध्ये विकसित केलेल्या ब्रॉम्प्टन सायकलीच्या चाकाचा परिघ सु. १.३३ मी. असतो, नेहमीच्या सायकलीत तो २ मी. पेक्षा अधिक असतो. ही तूट दंतचक्रांच्या दात्यांचे प्रमाण बदलून भरून काढतात. उदा., पुढील दंतचक्रास ५२ व मागील दंतचक्रास १३ दाते असल्यास पेडलांच्या एका फेऱ्यात चाक चार वेळा फिरते व सायकल सु. ५.३ मी. पुढे जाते. म्हणून चाक लहान असल्याने गिअर अधिक लागतात, हा समज बरोबर नाही. त्यांची गरज मुख्यतः चढ, वारा व ओझे यांवर अवलंबून असते.

वरील प्रमाणाच्या एकाच गिअरने सपाट रस्त्यावर मिनिटाला ७० फेरे मारल्यास ताशी सु. २२ किमी. वेग मिळतो. चढावर वेग ताशी १० किमी.पर्यंत उतरला, तर फेरे जेमतेम ३१ होतात. प्रत्येक फेऱ्यास जोर अधिक लागतो व गुडघ्यांवर ताण येतो. स्टर्मी-आर्चर पद्धतीच्या तीन गतींच्या तुंब्यात सर्वांत खालचा गिअर मधल्याच्या तीनचतुर्थांश असतो. मधला गिअर वरील प्रमाणाचा ठेवल्यास खालच्या गिअरवर त्याच वेगाला सु. ४२ फेरे पडतात. या तुंब्यातील दंतचक्रे बंदिस्त असल्याने त्यांना धूळ लागत नाही व घडी घालताना धक्काही बसत नाही. मात्र वजन व किंमत वाढते आणि पंक्चर काढण्यासाठी मागील चाक सोडविणे अधिक किचकट होते. साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकविणारी योजना हलकी असते. पण ती उघडी असून लहान चाकामुळे जमिनीलगत येते.

वाढलेल्या वजनाचा परिणाम सायकल चालविताना व उचलताना वेगवेगळा असतो. ७० किग्रॅ. वजनाचा स्वार व ११ किग्रॅ. वजनाची सायकल यांत १ किग्रॅ.ची भर पडल्यास चढावर ओढावयाचे एकूण वजन केवळ सु. १.२% वाढते, परंतु हातातील ओझे ९% वाढते. वजन कमी करण्याचा दुसरा उपाय म्हणजे टिटॅनियमाचा सांगाडा. २०२२ मध्ये आलेल्या अशा ब्रॉम्प्टन सायकलीचे किमान वजन सु. ७.५ किग्रॅ. आहे. तथापि, हा धातू महाग असून त्याचे जोडकाम हवेपासून बचाव करून करावे लागते. त्यामुळे किंमत गिअर बसविण्याच्या खर्चाहून पुष्कळच अधिक वाढते.

यावरून, सपाट शहरात थोडे अंतर जाऊन रोज अनेक जिने चढणाऱ्यास एका गिअरची सायकल सोयीची व स्वस्त ठरते. वाटेत चढ असल्यास तीन गतींचा तुंबा त्याच्या वजनाची भरपाई करतो. त्याहून अधिक गिअर डोंगराळ भागात किंवा सामान नेणाऱ्यासच विशेष उपयोगी पडतात.